झोपाळ्याची फांदी

प्रश्न : तीस वर्षांनी गुहागरच्या आमच्या घरी गेले. पडवीचं छप्पर बसलंय, पण विहिरीकाठचा हापूस अजून उभा आहे. त्यावर बांडगूळ माजलंय, मोहोर येत नाही. शेजारी म्हणतात, तोडून टाका. माझा झोपाळा त्याच झाडाला होता. काय करू?

उत्तर : ताई, तोडू नका. आमच्या केळशीच्या परसातला आंबा वडिलांमागे असाच झाला होता, म्हणून कळकळीनं सांगतो. बांडगुळाची फळं पक्षी खातात, चिकट बी फांदीला डकतं आणि मूळ आत शिरून झाडाचं पाणी ओढतं. नुसतं ओरबाडलं तर पुन्हा फुटतं. गाठीच्या खालून, हातभर निरोगी भागासकट फांदीच कापा. पाऊस सरल्यावर, माहीतगार गडी घेऊन. कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा. मधल्या एकदोन उंच फांद्या काढल्या की ऊन आत पोचेल. दापोलीचं कृषी विद्यापीठ (स्थापना १९७२) जुन्या बागांच्या पुनरुज्जीवनाबद्दल मार्गदर्शन करतं, तिथे जरूर विचारा. मोहोराला दोनतीन वर्षं लागतील. झोपाळ्याची फांदी मात्र आधी ठोकून पाहा. पोकळ वाजली नाही तर राखा.

आणि पडवीची कौलं पावसाआधी उतरवून ठेवा. फुटली तर तशी जुनी मिळणं कठीण.