तीन अँटिबॉडी हातात आहेत, मग सगळ्यांवर पेटंट मागू का?

प्रश्न : ताई, मी सोलापुरात बायोटेकला एमएस्सी करतेय. आमच्या लॅबमध्ये एका प्रोटीनला चिकटून त्याचं काम थांबवणाऱ्या तीन अँटिबॉडी मिळाल्यात. सर म्हणतात क्लेममध्ये, म्हणजे अर्जात आपला हक्क नेमका कशावर ते लिहितात त्या भागात, "असं करणारी कुठलीही अँटिबॉडी" असंच लिहू, म्हणजे थोडा बदल करून कोणी पळवणार नाही. टिकेल का हे?

उत्तर : सरांची भीती खरी आहे गं, अँटिबॉडी ज्यांची बनते ती दोन-चार अमिनो आम्लं बदलून कोणीही म्हणू शकतं की ही माझी वेगळी. पण एवढा मोठा क्लेम टिकणं अवघड. अॅम्जेन विरुद्ध सनोफी ही दोन औषध कंपन्यांची अमेरिकेतली केस वाचच, मे २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला. पीसीएसके९ या प्रोटीनला अडवून कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या अँटिबॉडींचं प्रकरण. अॅम्जेनने सिक्वेन्स, म्हणजे अमिनो आम्लांचे क्रम, दिले २६ अँटिबॉडींचे आणि मागितल्या काय, तर त्या प्रोटीनच्या ठराविक जागांना चिकटून त्याला ब्लॉक करणाऱ्या सगळ्याच! बाकीच्या कशा मिळवायच्या, तर बनवा आणि टेस्ट करा, नाहीतर एखादं अमिनो आम्ल बदला आणि परत टेस्ट करा. कोर्ट म्हणालं, ही तर दुसऱ्याच्या गळ्यात घातलेली रिसर्चची कामं झाली. जेवढं मागाल तेवढं करायला शिकवा, यालाच इनेबलमेंट म्हणतात. थोडीफार वाजवी टेस्टिंग लागली तर चालतं, आणि अख्ख्या गटाला लागू पडणारा एखादा समान गुण दाखवता आला तर गटही मागता येतो, पण तीन नमुन्यांवर तो दाखवणार कसा?

आपल्याकडेही पेटंट कायद्याच्या कलम १०(४) मध्ये शोधाचं पूर्ण वर्णन आणि तुम्हाला माहीत असलेली सगळ्यात चांगली पद्धत द्यावी लागते, वर्णन अपुरं निघालं तर कलम ६४ खाली पेटंट रद्द होऊ शकतं.

म्हणून मुख्य क्लेम तिन्ही अँटिबॉडींच्या सिक्वेन्सवर ठेवा, प्रत्येकीचे हेवी चेनचे (मोठ्या साखळीचे) तीन आणि लाइट चेनचे (छोट्या साखळीचे) तीन असे सहाही सीडीआर, म्हणजे प्रोटीनला चिकटणारे भाग, लिहा. चिकटण्याचा डेटा वेगळा आणि ब्लॉक करण्याचा वेगळा द्या, कारण चिकटलेली प्रत्येक अँटिबॉडी ब्लॉक करतेच असं नाही. पळवापळवीची एवढी काळजी असेल तर काही अमिनो आम्लं स्वतःच बदलून बघा, जे बदल चालले तेही क्लेममध्ये घाला. जास्त मेहनत आहे, पण हक्क त्यानेच पक्का होतो. आणि अर्ज दाखल होईपर्यंत कुठल्याही सेमिनारच्या पोस्टरवर सिक्वेन्स टाकू नकोस, अर्ज मुंबईच्या पेटंट ऑफिसला ऑनलाइन करता येतो.