किल्लारीच्या भूकंपातून वाचलेल्या म्हाताऱ्यावर व्हीआर हेडसेट लावून उपचार चाललेत, अशी भयकथा लिहितोय. भूत न आणता भीती कशी आणू?

मी औसा तालुक्यातला. हा विषय माझ्या जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं ठाम मत असं आहे की, तुमच्या म्हाताऱ्याची भीती वाढवत नेऊ नका. ती उतरवत न्या.

आधी हा उपचार कसा चालतो ते नीट समजून घ्या. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर माणसाला पायरीपायरीने उभं करायचं आणि भीती ओसरेपर्यंत तिथंच थांबू द्यायचं. अर्ध्यातून पळाला तर 'पळालो म्हणून वाचलो' एवढंच मनात पक्कं बसतं. १९९५ साली अमेरिकेत बार्बरा रॉथबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंचीला भिणाऱ्या लोकांना हेडसेटमधून, म्हणजे डोळ्यांवर चढवलेल्या पडद्यावरच्या आभासी जगातून, काचेच्या लिफ्टमध्ये, पुलांवर नेऊन हेच करून पाहिलं होतं. अशा उपचारात डॉक्टर मधूनमधून विचारतात, शून्य ते शंभरात आत्ता भीती किती? पेशंट आकडा सांगतो. कथेत हा आकडा सोडू नका.

भूकंपाचंच उदाहरण हवं असेल तर तुर्कस्तानचं आहे. तिथल्या १९९९ च्या भूकंपानंतर मेतिन बाशोग्लू या मानसोपचारतज्ज्ञाने वाचलेल्या लोकांना हलणाऱ्या घरात बसवलं. हेडसेट नव्हता, घरच यंत्रावर हलायचं. पण हादरे किती जोरात हवेत आणि कधी थांबवायचे, हे आत बसलेल्या माणसाच्याच हातात होतं. ताबा आपल्याकडे आहे असं वाटणं, यावरच तो उपचार उभा होता. हेडसेट डोक्यावरून निघत नाही, डॉक्टरच शेवटी सैतान निघतो, असली कथा मला म्हणूनच पटत नाही. शिवाय आपल्याकडे अजूनही माणूस आधी देवऋषाकडे जातो आणि मानसोपचारवाल्या डॉक्टरकडे गेला तर चार लोकांपासून लपवतो. त्याला आणखी घाबरवून काय मिळवायचं? बटण म्हाताऱ्याच्याच हातात ठेवा.

आता तो वाचला कसा, ते ठरवा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून दमलेली माणसं गाढ झोपेत. दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर कडीपाट आणि त्यावर मातीचं जड माळवद. सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. तुमचा म्हातारा तेव्हा तरणा होता, हायब्रीड ज्वारीच्या जागलीला शेतात गेलेला. चतुर्दशीच्या चांदण्यात त्याने गावावर धुळीचा लोट उठताना पाहिला. बायको आणि दोन लेकरं आत होती. एवढ्या वर्षांनंतरही तो पुनर्वसनातल्या पक्क्या घरात झोपत नाही, पावसाळ्यातसुद्धा बाज ओसरीवरच टाकतो. म्हणून भावाचा नातू त्याला दवाखान्यात घेऊन येतो.

पहिल्या दिवशी हेडसेटमधलं घर कुठलंही एक घर असतं. म्हातारा म्हणतो, चूल इकडं नव्हती, बळदाच्या अंगाला होती. कॉम्प्युटरवाला पोरगा चूल हलवतो. पुढच्या वेळी देवळी, मग दाराची कडी, मग थोरल्याचं अंथरूण. दर आठवड्याला घर खरं होत जातं आणि घडवणारा तो स्वतःच असतो. यंत्राला सगळं आपोआप कळतं वगैरे भानगड इथं लागतच नाही.

डॉक्टर मॅडम विचारतात, "आबा, आता किती?"

"ऐंशी."

पुढं साठ, मग पस्तीस. मॅडम खूश, नातू खूश. वाचकालाही बरं वाटू द्या. मग एका सत्रात आबा दहा सांगतात आणि हादरे वाढवायचं बटण स्वतःहून दाबतात. मॅडमना वाटतं, धीर आला. त्यांना दिसतं ते एवढंच की म्हातारा खुर्चीतून उतरून फरशीवर कुशीवर झाला आणि शेजारी कुणाच्या तरी अंगावर हात टाकावा तसा त्याने हात टाकला. सत्र संपल्यावर तो विचारतो, "मॅडम, पुढच्या बारीला मला तीन पंचावन्नला आत सोडता का?"

म्हाताऱ्याला त्या रात्री घरात असायचं होतं, हे वाचकाला मॅडमच्या आधी कळलं पाहिजे. मॅडमसमोरच्या कागदावर प्रत्येक आकडा सुधारणाच दाखवतो. या दोन्हींमधलं अंतर हीच तुमची कथा.

आणखी एक गोष्ट, ती मनापासून सांगतो. गावाला किल्लारी किंवा सास्तूर असं खरं नाव देऊ नका, गाव कल्पून घ्या. त्या रात्री घरात गाडली गेलेली आणि हाताने बाहेर काढलेली माणसं आजही इथं आहेत, त्यांची लेकरं फोनवर हे सगळं वाचतात. ढिगाऱ्याचं वर्णन रंगवू नका, घराचं करा. आणि लिहायच्या आधी नव्या वसाहतीत जाऊन एखाद्या आजीला जुन्या घरात चूल कुठं होती, एवढंच विचारा. भूकंपाचं काही विचारू नका, वाटलं तर तीच सांगेल.