नागपूरच्या गिरण्या आणि गिरणी कामगारांच्या वस्त्यांचा इतिहास वाचायचा असेल तर कोणती पुस्तके घ्यावीत?

आधी वसंत मून यांचं 'वस्ती' घ्या, मग जिल्हा गॅझेटिअर, म्हणजे सरकारने काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ. प्रश्न गिरण्यांचा असूनही 'वस्ती' आधी सांगतोय, कारण ते आत्मकथन सीताबर्डीजवळच्या महारपुऱ्याचं आहे: तिथली गरिबी, आखाडे, भजनं, आंबेडकरी चळवळ. कामगार शहराची संस्कृती म्हणतात ती यातच सापडते. आकडेवारी आणि कालक्रमासाठी मात्र गॅझेटिअरला पर्याय नाही. १९०८ चं इंग्रजीत आहे. त्यात कोष्ट्यांचं हातमागावरचं विणकाम आणि नव्या गिरण्या दोन्ही एकाच काळात दिसतात. १९६६ ची आवृत्तीही चाळा. जमशेटजी टाटांनी नागपुरात काढलेल्या एम्प्रेस मिलसाठी फ्रँक हॅरिस यांनी लिहिलेलं टाटांचं इंग्रजी चरित्र (१९२५) बघा. गिरणी १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. मुंबई सोडून नागपूरच का, तर कापूस जवळ, कोळसा जवळ आणि रेल्वे १८६७ लाच पोचलेली.

एक लक्षात ठेवा, हॅरिस मालकाच्या बाजूने लिहितात आणि गॅझेटिअर सरकारच्या. पाळीवरून घरी येणारा माणूस या दोन्हींत जवळपास नाहीच. वाचनालयात 'वस्ती' मिळालं नाही तर गेल ऑमव्हेट यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आहे, पण शक्यतो मराठीतच वाचा.