वाचकांचे प्रश्न : आधी ओहम, मग वॅट

प्रश्न : माझ्या बास हेडवर (बास गिटारच्या अँपवर) ‘५०० वॅट, किमान ४ ओहम’ असं लिहिलंय. माझं ४×१० कॅबिनेट (१० इंची चार स्पीकरचा बॉक्स) ८ ओहमचं आहे. गणपतीतल्या कार्यक्रमासाठी मित्राचं १×१५ आणतोय, ते ४ ओहमचं. ८ आणि ४ मिळून १२ झाले, म्हणजे किमान मर्यादेच्या बरेच वर. बरोबर ना? (वाचक, पुणे)

उत्तर : नाही. ही जोडणी कृपया करू नका. हेडच्या मागचे दोन स्पीकर जॅक आतून एकमेकांना पॅरलल (समांतर) जोडलेले असतात. हेडमधून एक वायर ४×१० ला आणि ४×१० च्या दुसऱ्या जॅकमधून पुढची वायर १५ ला नेलीत, तरी ती पॅरललच. बॉक्स एकामागून एक जोडलेले दिसतात म्हणून बरेच जण तिला सिरीज (एकसर) समजतात आणि तिथेच घात होतो. पॅरललमध्ये दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून त्याला बेरजेने भागायचं : ३२ भागिले १२, म्हणजे सुमारे २.७ ओहम. ८ चे दोन बॉक्स लावले तर ४ ओहम होतात, ४ चे दोन लावले तर २.

ओहम जितके कमी, तितका करंट जास्त. त्याच व्होल्टेजला २.७ ओहमवर ४ ओहमच्या दीडपट करंट वाहतो आणि तो सगळा आउटपुट ट्रान्झिस्टरमधून जातो. तेवढी उष्णता बाहेर टाकण्याइतका हीटसिंक मोठा नसतो. प्रोटेक्शन चांगलं असेल तर ऐन गाण्यात आवाज जातो आणि हेड थंड झाल्यावर परत येतो. ते कमकुवत असेल तर ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो, पॉवर सप्लायचा डीसी थेट व्हॉइस कॉइलमध्ये (स्पीकरमधल्या तारेच्या वेटोळ्यात) शिरतो आणि हेडबरोबर स्पीकरही जळतो. घरी कमी आवाजात तासभर चाललं, म्हणून मंडपात चालेल असं धरू नका. तिथे व्हॉल्यूम वर असतो, उकाडा असतो आणि हेडचा पंखा बहुतेक वेळा पडद्याला टेकलेला असतो.

दुसरी अडचण वाटणीची. या जोडणीत ४ ओहमचा बॉक्स दोन तृतीयांश पॉवर घेतो. ती सगळी त्या एकट्या १५ इंची स्पीकरवर पडते, तर ४×१० मधल्या प्रत्येक स्पीकरच्या वाट्याला एकूण पॉवरचा जेमतेम बारावा हिस्सा येतो. म्हणून १×१५ आणायचंच तर ८ ओहमचं आणा, आणि तो स्पीकर निम्मी पॉवर, म्हणजे २५० वॅट, पेलतो का ते आधी बघा. नाही मिळालं तर एकटं ४×१० लावा. ५०० वॅटचं हेड ८ ओहमवर साधारण २५० ते ३०० वॅट देतं. पॉवर निम्मी झाली तरी फरक ३ डेसिबलच्या आसपासच असतो, म्हणजे कानाला जाणवेल इतकाच.

मित्राच्या बॉक्सवरचं लेबल गेलं असेल तर मल्टिमीटर घ्या. स्पीकर केबल फक्त बॉक्समध्ये लावा, दुसरं टोक हेडमध्ये नको. मीटर २०० ओहमवर ठेवा, आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा टिपा (०.३ ते ०.५ वगैरे) आणि तो नंतर वजा करा. मग एक प्रोब पिनच्या टोकाला, दुसरा तिच्या दांड्याला. ५.५ ते ७ आलं तर बॉक्स ८ ओहमचा, ३ ते ३.७ आलं तर ४ चा. मीटर डीसी रोध मोजतो, म्हणून आकडा लेबलपेक्षा कमीच येतो. ८ ओहमच्या ४×१० वर ९ किंवा १२ दिसलं, तर आतल्या एका स्पीकरची कॉइल तुटलीय असं समजा. बाकीचे वाजत असल्यामुळे हे कानाने लवकर कळत नाही.

प्रश्न : व्हॉल्व्हचं (ट्यूबचं) हेड कॅबिनेट न लावता, नुसत्या डीआयवरून (मिक्सरला सिग्नल देणाऱ्या जॅकवरून) मिक्सरला दिलं तर चालेल का? (वाचक, मडगाव)

उत्तर : अजिबात नाही. ट्रान्झिस्टरची आणि क्लास डी (स्विचिंगवर चालणारी) हेड्स बहुतेक वेळा स्पीकरशिवाय चालतात, व्हॉल्व्हची नाहीत. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधल्या ऊर्जेला जायला स्पीकर नसेल, तर त्याच्या प्रायमरीवर (ट्यूबच्या बाजूच्या वेटोळ्यावर) प्रचंड व्होल्टेजचे झटके उसळतात. त्याने आतलं इन्सुलेशन फुटतं किंवा ट्यूबच्या सॉकेटवर ठिणगी पडून काळा ओरखडा उमटतो. त्या ओरखड्यातून पुढे पुन्हा पुन्हा ठिणगी पडते आणि ट्रान्सफॉर्मर बदलणं हे हेडमधल्या सगळ्यात महाग कामांपैकी एक आहे. स्टेजवर बास नको असेल तर हेडच्या वॅटचा लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी पॉवर घेणारा रोध) लावा.

हेडवरचा ओहमचा स्विच बॉक्सशी जुळलाच पाहिजे. उदाहरणार्थ, १९६९ साली आलेलं अँपेगचं ३०० वॅटचं व्हॉल्व्ह हेड एसव्हीटी. ४ ओहमचं एक ८×१० लावलं तर स्विच ४ वर, दोन लावली तर २ वर. क्रम असा ठेवा : आधी स्पीकर केबल, मग मेन, ट्यूब तापल्या की शेवटी स्टँडबायचा स्विच. बंद करताना उलट. हेड चालू असताना स्पीकर केबल काढू नका.

प्रश्न : बॉक्स ३०० वॅटचा, हेड ५०० चं. स्पीकर फाटेल? (वाचक, नागपूर)

उत्तर : बॉक्स ८ ओहमचा असेल तर हेड त्याला मुळात ५०० देतच नाही. धोका वेगळाच आहे. लेबलवरचे वॅट कॉइल किती उष्णता सोसेल ते सांगतात, कोन किती आत-बाहेर जाऊ शकतो ते नाही. पाच तारी बासचा खालचा बी ३१ हर्ट्झच्या जवळ असतो आणि पोर्टवाल्या (हवेसाठी भोक ठेवलेल्या) बॉक्समध्ये पोर्टच्या सुराखाली कोनला हवेचा आधार उरत नाही. तिथे निम्म्या वॅटवरही तो आपली हद्द ओलांडू शकतो. त्यात बेसचा नॉब ६ डेसिबल वर नेलात की त्या सुरांना चौपट पॉवर लागते. बी वाजवताना फटफट किंवा टक्क असा आवाज आला, की आधी बेस कमी करा, मग व्हॉल्यूम. हाय-पास फिल्टर (अगदी खालचे सूर गाळणारा) असेल तर ३५ ते ४० हर्ट्झवर लावा. जळका वास आला तर वाजवणं तिथेच थांबवा.

प्रश्न : बॉक्स जोडायला गिटारची केबल चालेल? (वाचक, ठाणे)

उत्तर : नको. तिचा आतला तांब्याचा धागा केसासारखा बारीक असतो. तो तापतो, प्लास्टिक मऊ होतं आणि बाहेरच्या जाळीला टेकून शॉर्ट होतो. दोन सारख्या जाड तारांची, १.५ किंवा २.५ चौरस मिलिमीटरची स्पीकर केबल घ्या. स्पीकॉन सॉकेट (स्पीकर केबलसाठीचं खास गोल सॉकेट) असेल तर तेच वापरा : जोडणी १+ आणि १– वर, घालून फिरवायचं, खटका बसेपर्यंत. बऱ्याच क्लास डी हेड्समध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात, त्यामुळे मायनस समजून एखादी तार बॉडीला किंवा दुसऱ्या अँपच्या ग्राउंडला जोडू नका.