गुलाबी मीठ, खनिजांच्या गोळ्या आणि माझा सकाळचा चहा

सूक्ष्म खनिजं कमी पडू नयेत म्हणून साधं मीठ सोडून गुलाबी मीठ सुरू करावं का, आणि जोडीला मल्टीमिनरलच्या गोळ्या घ्याव्यात का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. पुण्यात माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी झाली, त्यामुळे लोह, जस्त, तांबं या मंडळींशी ओळख झाली ती आधी मातीत आणि मग स्वतःच्या रक्ताच्या रिपोर्टात.

आमच्याकडे बारामती-इंदापूर भागातले ऊसवाले यायचे. उसावर केवडा पडलेला, कोवळी पानं पार पिवळी. "जमिनीत लोह नाही का हो?" लोह भरपूर असायचं! पण जमीन चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या वर. अशा जमिनीत लोह मुळांना उचलता येईल अशा रूपात राहतच नाही. हे मी कितीतरी जणांना समजावलं आणि स्वतःच्या बाबतीत साफ विसरले.

माझं हिमोग्लोबिन ९.२ आलं. तीन महिने नेमाने लोहाच्या गोळ्या घेतल्या, आकडा ९.४. डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?" सकाळच्या चहाबरोबर. विसरू नये म्हणून मी ती कपाच्या बशीतच ठेवायचे. चहातली टॅनिनं लोहाला पकडून ठेवतात, दुधातलं कॅल्शियमही आडवं येतं. मग गोळी संध्याकाळी, लिंबाच्या सरबताबरोबर सुरू केली, आणि पुढच्या तपासणीला ११.६. गोळी तीच होती.

खाल्लेलं अंगी लागतं की नाही, हाच या खनिजांचा खरा प्रश्न. शरीराला ती लागतात तशी फारच थोडी. मोठ्या माणसाच्या अंगात लोह सगळं मिळून ३-४ ग्रॅम, जस्त २-३ ग्रॅम. आयोडीन तर दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं. सत्तर वर्षांचं मिळून चार ग्रॅमसुद्धा होत नाही. पण तेवढं नसेल तर थायरॉईडचं काम अडतं, आणि गरोदरपणात कमी पडलं तर बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो.

आपल्या पोळी-भाकरी-डाळीत लोह-जस्त असतं, पण त्याला फायटेट नावाचं द्रव्य चिकटलेलं असतं आणि आतडं त्यातला थोडाच भाग घेऊ शकतं. भिजवलं, मोड आणले, आंबवलं की फायटेट कमी होतं. वरून लिंबू पिळलं की लोह जास्त शोषलं जातं. म्हणजे मोडाच्या मटकीची मिसळ, वर लिंबू, हे सगळं अगदी शास्त्रशुद्ध. आणि मग आपण पुणेकर लगेच उठून शेजारच्या अमृततुल्यात चहाला जातो! तासभर थांबा, एवढंच म्हणेन. (मलाही जमतंच असं नाही.)

धान्यात मुळातच खनिजं जास्त असावीत म्हणूनही काम चालू आहे. इथल्याच आघारकर संशोधन संस्थेच्या 'एमएसीएस ४०२८' या बन्सी गव्हात किलोमागे साधारण ४० मिलिग्रॅम जस्त आणि ४६ मिलिग्रॅम लोह आहे. 'धनशक्ती' बाजरीही जास्त लोहासाठीच काढलेली.

आता गोळ्या. रक्त न तपासता घेऊ नका. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन बघा, म्हणजे लोहाचा साठा कळतो. लोह जास्त झालं तर ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे जवळपास नाही. ते यकृतात साचत जातं. जस्ताचं आणखी वेगळं. लहान मुलांच्या जुलाबात ओआरएसबरोबर १०-१४ दिवस जस्त देतात, ते योग्यच आहे. पण कोविडच्या काळात सुरू केलेली ५० मिलिग्रॅमची गोळी आमच्या नात्यातले एक गृहस्थ अजून रोज घेत होते. मोठ्यांसाठी वरची मर्यादा दिवसाला ४० मिलिग्रॅम आहे, आणि जास्तीचं जस्त तांब्याचं शोषण अडवतं. तांबं कमी पडलं की पुन्हा ॲनिमियाच! त्यांना हे पटवायला मला दोन दिवाळ्या लागल्या.

राहिलं गुलाबी मीठ. ते आपलं शेंदेलोणच, गुलाबी रंग लोहाच्या ऑक्साइडचा. '८४ खनिजं' म्हणून जी जाहिरात करतात, त्यातली बरीचशी इतकी नाममात्र असतात की ती अंगी लागण्याइतकं मीठ खाल्लं तर आधी रक्तदाब बघावा लागेल. आयोडीन मात्र वेगळं घातलेलं नसेल तर त्यात पुरेसं नसतं. गंमत म्हणजे विकतात 'हिमालयन' म्हणून, आणि आयोडीनअभावी होणाऱ्या गलगंडाने एके काळी सगळ्यात जास्त गांजलेला भाग हिमालयाच्या पायथ्याचाच, कारण तिथल्या मातीतलं आयोडीन पावसापाण्याने धुऊन गेलेलं. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून संशोधक डॉ. रामलिंगस्वामी यांनी आयोडीन घातलेलं मीठ वाटून गलगंड कमी होतो हे दाखवून दिलं, आणि १९६२ मध्ये देशभराचा कार्यक्रम सुरू झाला.

शेंदेलोण आमच्याकडेही आहे, चतुर्थीला निघतं. रोजच्या भाजी-आमटीत साधं आयोडीनयुक्त मीठच, तेही बेताने. आणि ते घट्ट झाकणाच्या बरणीत, गॅसपासून लांब ठेवा. उष्णतेने आणि दमटपणाने त्यातलं आयोडीन हळूहळू कमी होत जातं.