शाळेच्या लायब्ररीत मासिकं : नवीन लायब्ररियनसाठी

सगळ्यात आधी किशोर सुरू करा, बालभारतीचं मासिक आहे, १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात, म्हणजे बजेटची बोंब असली तरी वाचन तासाला काहीतरी हाताशी राहतं.

आलेला अंक कपाटात कुलूपबंद ठेवू नका हो, कव्हर दिसेल असा दोरीवर लटकवा, फाटला तर फाटला. शब्दकोड्याची मात्र आधीच झेरॉक्स काढा, नाहीतर पहिलाच पोरगा पेनाने सोडवून मोकळा होतो.

खरी पंचाईत सातवी ते नववीची. गोष्टी त्यांना बाळबोध वाटतात आणि मोठ्यांचे दिवाळी अंक झेपत नाहीत, या वयासाठी कबड्डी, बाइकचं इंजिन, वयात येतानाचे प्रश्न, थोडी भुतं असं सगळं एकत्र असलेलं मासिक कोणीतरी काढायला हवं, आणि त्यात दोन-चार पानं अहिराणी, वऱ्हाडी, मालवणीत असली तर काय बिघडतं? पुण्याची प्रमाण भाषा वाचून आमची पोरं आधीच गप्प होतात.

तोवर पोरांकडूनच बनवून घ्या. एफोर कागदाला तीन घड्या, मधोमध एक काप, की आठ पानी छोटा अंक तयार, स्टेपलरही लागत नाही, आणि सगळं एकाच बाजूला असल्याने झेरॉक्स स्वस्तात होते. शुद्धलेखन तपासत बसू नका, निदान पहिल्या अंकाला तरी.