हॉलमार्क नसलेली आजीची जुनी पोत किती कॅरेटची आहे आणि मोडली तर किती मिळतील, हे घरी कसं ओळखावं?

घरी ओळखता येत नाही. चुंबक, व्हिनेगरचे व्हिडिओ बघत बसू नका. पितळ, तांबं, चांदी यातलं काहीच चुंबकाला चिकटत नाही, मग कळणार काय?

2022च्या जुलैत पावसानं आमचं सोयाबीन खरडून नेलं. दुबार पेरणीसाठी आईनं गळ्यातली पोत काढून दिली, तिच्या वडिलांनी लग्नात घातलेली. तालुक्याच्या सोनारानं कसोटीवर रेघ ओढली, वर ॲसिडचा थेंब सोडला. रेघ फिकी पडली. "अठराच्या वर नाही." मोठी आई, म्हणजे मोठी काकू, सोबतच होती. तीस वर्षं तिचं एकच पालुपद, "तुह्या मायच्या माहेरचं सोनं हलकं हाय." परतताना एसटीत आई खिडकीकडे तोंड करून बसली.

मला खटकलं ते वेगळंच. त्यानं पोत घासली ती कडीजवळ, जिथं डाख, म्हणजे सोन्याचा जोड, दिलेला असतो. डाखाचं सोनं लवकर वितळावं म्हणून त्यात मिसळ जास्त घालतात, तिथं कस कमीच लागणार! दुसऱ्या दिवशी पोत घेऊन अमरावतीचं हॉलमार्किंग सेंटर गाठलं. तेव्हा चार नगांपर्यंत तपासणीचे 200 रुपये होते. मशीनवर वाट्या आणि मणी वेगवेगळे ठेवायला लावले. 89 टक्के, म्हणजे एकवीसच्या वर. काळे मणी आणि दोरा सोडून सोनं भरलं 12 ग्रॅम. सोनाराच्या अठरा कॅरेटनं, म्हणजे 75 टक्क्यांनी धरलं तर शुद्ध सोनं 9 ग्रॅम, 89नं 10.68. पावणेदोन ग्रॅमच्या आसपास सोनं एका रेघेत जात होतं.

तुम्हीही असंच करा. आधी सेंटरची तपासणीची चिठ्ठी, मग सोनार. निव्वळ वजन गुणिले टक्के, गुणिले त्या दिवशीचा 24 कॅरेटचा भाव. घडणावळ परत मिळत नाही, तो हिशोब मनातून काढा. आणि घरातलं कोणी "हलकं आहे" म्हणत असेल तर चिठ्ठी त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचा. मी वाचली. मोठी आई उठून आत गेली. आईनं पोत परत गळ्यात घातली, बियाणं उधारीवर आणलं.

हो, एक राहिलं. मशीन वरवरचंच सोनं बघते. मणी लाखेनं भरलेले असतील तर वजन फसवं येतं, जाड मुलामा असेल तर टक्का फसवा येतो. मोडायचंच ठरलं तर डोळ्यांदेखत आटवायला सांगा आणि ती लगड पुन्हा तपासून घ्या.